वळण न घेतलेली बस

४ तारीख, सोमवार

आणि वर म्हणतात माझ्यामुळे झालं! मी काय केलं? मी माझ्या मशीनवर बसून शाळेच्या गणवेशांना बाह्या लावत होते आणि तो डबा आपला आपण बंद पडला. आधी पंखा घोंघावला, घोंघावला, मग टप्प. पडदा काळा. ह्यांची बस म्हणे पुलावर होती. "तुझ्या त्या इस्त्रीमुळे झालं! तीस माणसं आहेत आत!" तीस माणसं! अहो, ती चित्रातली माणसं. नदीत पडली तरी अंग झाडून पुढच्या स्टॉपला उभी राहतील. सव्वीस वर्षं खरी बस चालवली तेव्हा एवढा आरडाओरडा केला नसेल.

हे लिहितेय ते दुरुस्तीवालीने सांगितलं म्हणून. कोपऱ्यावरच्या दुकानात ती एकटीच बसते, केस वर बांधून, कपाळाला दिवा लावून. डबा उचलून न्यायची माझ्यात ताकद नाही, नुसतंच सांगायला गेले. ती म्हणाली, "मावशी, कधी बंद पडतो, किती वेळ चालला होता, हात लावल्यावर किती गरम लागतो, तेव्हा काय काय झालं, सगळं लिहून ठेवा. आठ दिवसांनी येऊन बघते." मी म्हटलं, बाई, मी चौथी शिकले. तर म्हणते, "मापं लिहिता ना? तसंच." म्हणून ही मापांचीच वही. पुढच्या पानांवर लोकांच्या कंबरा, मागच्या पानांवर हा डबा.

डबा लेकीचा. खेळ खेळायचा खास कॉम्प्युटर आहे, एका अंगाला काच, आत निळे दिवे. नोकरीसाठी लांब गेली तेव्हा तिला नेता आला नाही. गेल्या वर्षी चालत्या बसमध्ये ह्यांची शुद्ध हरपली. बस दुभाजकावर चढली, खांबाला लागून थांबली. नशीब, कोणी मेलं नाही. डॉक्टर म्हणाले फिट आली होती, वर्षभर गोळ्या आणि स्टिअरिंगला हात नाही. घरात बसून बाप भिंतीशी बोलायला लागला तेव्हा लेकीने लांबूनच ह्या डब्यात बस चालवायचा खेळ घालून दिला. खरं वाटावं असं स्टिअरिंग पाठवलं, पायाखाली दाबायला पेडल. तेव्हापासून हे माणसात आले. आणि मी माणसातून उठले.

५ तारीख, मंगळवार

दुपारी सव्वातीन. बंद. दीड तास चालला होता. काच इस्त्रीसारखी. ह्यांचं तोंड त्याहून गरम.

७ तारीख, गुरुवार

दोनदा बंद. दोन्ही वेळा आधी पंख्याचा आवाज वाढला.

त्या खेळातही एक डेपो आहे म्हणे. कुठकुठल्या गावची माणसं घरी बसून एकाच रस्त्यावर बस चालवतात, ड्युट्या लावून घेतात. ह्यांची ड्युटी दोन ते पाच. खऱ्या डेपोत ह्यांना सगळे 'घड्याळ' म्हणायचे, एक मिनिट उशीर नाही. इथेही तेच नाव लावलंय. आणि घड्याळाची बस चार दिवसांत चार वेळा रस्त्यातून गायब. कोणीतरी लिहिलं, 'घड्याळाला चावी द्या.' ते वाचून हे जेवले नाहीत.

लेकीचा फोन आला. ती म्हणते, "आई, त्यातलं चित्र काढणारं कार्ड जुनं झालंय. नवा खेळ त्याला ओढवत नाही, म्हणून तापतं. मी नवीन पाठवते, बसवून घ्या."

"आधी तापतं का ते बघू," मी म्हटलं. "तापलेल्या माणसाला नवा कोट घातला की ताप उतरतो का?"

मागून हे. "तुला त्यातलं काय कळतं?"

"तेवीस वर्षं मशीन चालवतेय. मशीन गरम झालं की पहिलं साफ करायचं, मग तेल, मग गाऱ्हाणं. तुम्ही गाऱ्हाण्यापासून सुरू करता. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला!"

लेक हसली. हे हसले नाहीत. "नवीनच पाहिजे" एवढं म्हणून पडद्याकडे तोंड केलं. मी मागच्या जाळीतून हात घालून पंख्याला मशीनच्या तेलाचा एक थेंब घातला. कोणाला सांगितलं नाही.

९ तारीख, शनिवार

आज वेगळंच झालं. दुरुस्तीवाली लिहा म्हणाली म्हणून लिहिते.

चार वाजायला आले होते. मी काजं करत होते. पंख्याचा आवाज वाढला नाही. पडदाही काळा झाला नाही. ह्यांची बस घाटातून उतरत होती, पावसाचं चित्र होतं, आणि वळण आलं तरी बस सरळच गेली. कठडा तोडून खाली शेतात. मी म्हटलं, "अहो, कुठे निघालात?" उत्तर नाही. परत म्हटलं. उत्तर नाही. हे असेच, खेळात शिरले की बायको मेली काय नि जगली काय. मग एकदम म्हणाले, "हँग झालं बघ."

हँग म्हणजे चित्र जागच्या जागी गोठतं, असं लेकीने सांगितलेलं. पण बसच्या काचेवरचे वायपर मला दिसत होते. इकडून तिकडे, इकडून तिकडे, चालू होते. असेल बाबा. वायपर हँग होत नसतील.

काच: कोमट.

१२ तारीख, मंगळवार

दुरुस्तीवाली आली. डबा उघडला. आणि आतून काय निघालं? माझा धंदा! निळा, पांढरा, खाकी, गणवेशाचे तिन्ही रंग, कापडाची बारीक लव थरावर थर दाबून बसलेली, बोटभर जाड. जिथून गार हवा आत जायची ते तोंडच बंद. ती चिमट्याने ओढत होती आणि ते चादरीसारखं निघत होतं.

"मावशी, ह्यातून एक हातमोजा होईल."

"शिवून देते," मी म्हटलं. दुसरं काय बोलणार?

डबा माझ्या मशीनच्या पायाशी ठेवला होता ना. जागा कुठे आहे दुसरी? मी कापायची, तो ओढायचा. तिने सगळं साफ केलं, आतल्या चिपवर ती तापू नये म्हणून नवीन पेस्ट लावली, पुढे एक जादा पंखा बसवला, आणि डबा माझ्यापासून लांब, खिडकीखाली स्टुलावर ठेवला. म्हणाली, "नवीन कार्डाची गरज नाही. हेच अजून तीन वर्षं जाईल. फक्त श्वास घेऊ द्या त्याला." मग पंखा फिरवून बघितला. "ह्याला तेल कोणी घातलं?"

"मी. एक थेंब."

"म्हणूनच अजून फिरतोय."

हे ऐकताना ह्यांच्याकडे बघून घेतलं मी. पण मग डबा चालू करून तिने आत काहीतरी लावून दिलं. म्हणाली, आता दर दोन सेकंदांनी डबा स्वतःच नोंद करेल, किती गरम, चालू का बंद. म्हटलं, मग माझी सुटका. तर म्हणते, "नाही नाही, तुम्ही लिहाच. त्याचं आणि तुमचं जुळवून बघू."

ती गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, चूक माझी होती. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात हे वाक्य तिसऱ्यांदा. ह्यांनी मोठ्या मनाने मान हलवली, जसा काही पगारवाढीवर सही करणारा साहेब.

१३ तारीख, बुधवार

ह्यांनी फॉर्म आणून पुढ्यात ठेवला. २९ तारखेला, शुक्रवारी, वर्ष पुरं होतंय. त्या दिवशी डॉक्टरकडे हा कागद द्यायचा, डॉक्टर शिक्का मारणार, आणि पुढच्या महिन्यात हे परत डेपोत, परत खऱ्या बसवर. घरातल्या माणसाची सही लागते. मोठी ओळ होती, 'मागील बारा महिन्यांत रुग्णास एकदाही झटका आलेला नाही.' खरंच आहे. पडले नाहीत, हातपाय झाडले नाहीत, तोंडाला फेस नाही. गोळी रोज मी हातावर ठेवते. केली सही.

खरं सांगायचं तर वाचायच्या आधीच केली. मला हा माणूस घराबाहेर पाहिजे. वाईट वाटेल कुणाला, वाटू दे. सकाळी साडेपाचला जेवणाचा डबा घेऊन जायचे आणि संध्याकाळी थकून यायचे तेव्हा आमचं बरं चाललं होतं. आता माझ्या कात्रीचा आवाज मोठा, माझा फोन मोठा, माझं शिंकणंही मोठं. परवा गिऱ्हाईक बाईंचं माप घेत होते, तर हे पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "पुढे सरका, दार बंद होतंय." बाई खरंच पुढे सरकल्या!

१६ तारीख, शनिवार

चार दिवस डबा एकदाही बंद नाही. हात लावला तर गार. आज ह्यांनी तीन तासांची ड्युटी वेळेवर पुरी केली. तिकडच्या डेपोत सगळ्यांनी टाळ्या पाठवल्या. मला बोलावून दाखवल्या. लहान मुलासारखे बघत होते माझ्याकडे, मी काय म्हणते म्हणून. मी म्हटलं, "छान." आणखी काहीतरी म्हणायला हवं होतं.

१८ तारीख, सोमवार

तीन वाजून दहा मिनिटं. परत 'हँग'. डबा गार. पडदा चालू. बस बाजाराच्या चौकात होती, सिग्नल लाल, आणि हे तसेच आत शिरले. लोकांच्या चित्रांमधून. मी हाक मारली. तोंडात काही नव्हतं तरी चघळल्यासारखं करत होते, आणि डावा हात शर्टाच्या दुसऱ्या बटणाशी, पिळतायत, पिळतायत. ही एक नवीनच खोड. ह्या महिन्यात ते बटण मी तीनदा लावलं. नेहमीच्या दुहेरी दोऱ्याने लावलेलं बटण असं तुटत नाही. दोरा झिजून येतो, एकाच जागी.

मग डोळे मिटून उघडले आणि मलाच विचारतात, "किती वेळ हँग होतं गं?"

"मी काय घड्याळ घेऊन बसले होते? बॉबिन भरत होते, ती भरून झाली, एवढा वेळ."

"म्हणजे किती?"

"अर्धं मिनिट. जास्तच."

हे म्हणाले, "बघ. साफसफाईने काही होत नाही. नवीन कार्डच पाहिजे." आणि मी चिडायच्या आत लेकीला फोन लावला.

नाचता येईना अंगण वाकडं, असं मी म्हणणार होते. पण ह्यांना नाचता येतं, हेच तर अवघड आहे. सव्वीस वर्षांत ह्यांनी लाल सिग्नल तोडलेला मी कोणाकडून ऐकला नाही.

२१ तारीख, गुरुवार

भोंगा आला होता. म्हणजे ह्यांचा कंडक्टर, अठरा वर्षांची जोडी. आवाज असा की शेवटच्या सीटवरचा झोपलेला माणूस आपला स्टॉप चुकवणार नाही. अपघातात त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. आता बरा आहे, दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर जातो. म्हणतो, "वहिनी, नवीन ड्रायव्हर गाडी चालवतो का हलव्याचं घमेलं ढवळतो, कळत नाही. घड्याळ येऊ दे परत."

हे खूश. त्याला शेजारी स्टुलावर बसवलं आणि ड्युटी सुरू केली. भोंग्याने तर कहरच केला. "चला, आत सरका! दारात उभं राहायला काय सासर आहे का?" सुट्टे मागतोय, घंटीच्या जागी चमचा वाजवतोय. मी टाचण्या तोंडात धरून हसत होते, एक तर गिळणारच होते.

मग घंटी थांबली. मी वर बघितलं. पडद्यावर नदीकाठचा रस्ता होता आणि वळण आलं होतं, आणि बस सरळ. भोंगा पडद्याकडे बघतच नव्हता. ह्यांच्याकडे बघत होता. ह्यांचा हात बटणाशी. भोंग्याने हळूच, म्हणजे त्याच्या मानाने हळूच, हाक मारली. "घड्याळ. ए घड्याळ." बस पाण्यात गेली. मग हे म्हणाले, "हँग झालं."

भोंग्याने चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, "हो रे. हँगच झालं."

चहा ठेवत होते तर थांबला नाही. जिन्यात मला विचारलं, "वहिनी, कागद दिला का डॉक्टरांना?"

"शुक्रवारी द्यायचाय. सही केली मी."

"केलीत?" असं म्हणून त्याने गळ्याजवळचं ते हाड चोळलं. "गोळ्या घेतो ना वेळेवर?" मी म्हटलं, मी देते. "हां, मग काय," म्हणाला आणि गेला. जिन्यात पायांचा आवाजसुद्धा नाही, आणि एरवी हा माणूस आला-गेला की खालच्या मजल्यावरचे दार उघडून बघतात.

मत्सर असेल. किंवा हाड दुखत असेल. मला काय ठाऊक.

डबा गार होता.

२४ तारीख, रविवार

कार्ड आलं. लेकीने पाठवलं, एवढा मोठा खोका. नको असेल तर गुरुवारपर्यंत परत नेतील, खोका फोडलेला नसला पाहिजे. मी तो कपाटावर ठेवला.

हे म्हणाले, "दुरुस्तीवालीला बोलाव. शुक्रवारच्या आत बसलं पाहिजे."

"शुक्रवारचा आणि कार्डाचा काय संबंध?"

"संबंध काय असणार? बसलं की हँग होणं थांबेल. मग झालं."

"डबा बंद पडायचा थांबलाय. ती बाई म्हणाली, तीन वर्षं काही नको."

"ती समोर बसते का माझ्या? मी बसतो!" एवढ्या जोरात ओरडले की खोलीत माझं मशीन आपोआप थांबलं, म्हणजे माझा पाय थांबला.

मग जरा वेळाने, पाठमोरेच, म्हणाले, "यंत्राचंच आहे ते. यंत्राचंच असणार ना?"

असा, माझा 'हो' मागणारा प्रश्न ह्यांनी मला कधी विचारलेला आठवत नाही. मी म्हटलं, "बोलावते दुरुस्तीवालीला." आणि मग दिवसभर एक बाही दोनदा उलटी लावली. एवढी उलटी बाही मी शिकाऊ असतानाही लावली नव्हती.

२६ तारीख, मंगळवार

दुरुस्तीवाली आली तेव्हा हे गोळ्या आणायला गेले होते. मी मुद्दाम पाठवलं होतं. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

तिने डब्याची नोंद उघडली, माझी वही मागितली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. बोट फिरवत गेली. चार, पाच आणि सात तारखेला डबा खरंच बंद पडला होता, त्याच्या पोटात तशी खूण आहे. साफ केल्यापासून एकदाही नाही. गरमपणा वाढलाच नाही.

"आणि हे हँग? अठरा आणि एकवीस?"

"मावशी, हँग झालंच नाही. हँग झालं असतं तर बस जागच्या जागी थांबली असती. बस तर चालत होती." ह्या खेळात झालेली ड्युटी परत बघता येते म्हणे. तिने दाखवली. बाजाराचा चौक. वर बारीक रेघा होत्या, एक पायाची, एक स्टिअरिंगची. "हे बघा, पाय दाबलेला आहे. स्टिअरिंग मात्र चाळीस सेकंद हललेलं नाही, केसभरही नाही." मग माझं नऊ तारखेचं पान वाचलं. वाचताना ओठ हलवत होती. "तेव्हा दर दोन सेकंदांची नोंद चालू नव्हती. पण वायपर चालू होते, तुम्हीच लिहिलंय." आणि हसून म्हणाली, "काकांना डुलकी लागते का हो दुपारी?"

तिला काही माहीत नाही. कोणी सांगितलंच नाही तिला. मी म्हटलं, "हो, लागते." तिला दारापर्यंत सोडलं. कार्डाचं विचारलं तिने, म्हटलं, कळवते.

मग मी वही पहिल्यापासून वाचली. एवढं सगळं मीच लिहिलंय. माझ्याच अक्षरात आहे, आणि मला काहीही कळलं नाही. फिट म्हणजे पडणं, हातपाय झाडणं, एवढंच मला ठाऊक. नुसतं बसल्या बसल्या माणूस जातो आणि परत येतो, हे कोणी सांगितलं होतं मला? नाही, हेही खरं नाही. नऊ तारखेला दोनदा हाक मारली आणि उत्तर आलं नाही, तेव्हा मला गेल्या वर्षीचा अपघात आठवला होता. तो मी लिहिला नाही. कारण लिहिला असता तर हे घरात राहिले असते.

आता पुढचं तुमच्यासाठी.

अहो, वही स्टिअरिंगवर ठेवतेय, म्हणजे ती न वाचता बसता येणार नाही. तोंडाने विचारलं की तुम्ही यंत्र म्हणता आणि मी ओरडते, आणि मी ओरडले की खरं असूनही त्याचं भांडण होतं. म्हणून लिहून विचारते.

नऊ, अठरा, एकवीस. तीन वेळा डबा चालू होता. तुम्ही खुर्चीत होता आणि नव्हता. तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे? मी नसताना किती वेळा झालं? एकदा की वीसदा, आकडा लिहा. खोटं लिहायचं असेल तर लिहू नका.

फॉर्म तुमच्या फाइलमधून मी काढून घेतलाय. शोधू नका, सापडणार नाही. सही मी न समजता केली होती, आता समजून करू शकत नाही. खऱ्या बसमध्ये चाळीस सेकंद म्हणजे काय, ते तुम्ही मला सांगायचं, मी तुम्हाला नाही.

आणि हा माणूस मला घराबाहेर पाहिजे असं मी उठता बसता म्हणत आले, ते तुम्ही ऐकलं असणारच. भिंती पातळ आहेत आणि माझं तोंड मोठं. म्हणून लपवलंत का? तेही लिहा. तसं असेल तर त्यातला माझा वाटा मी घेईन.

कार्डाचा खोका कपाटावर आहे. गुरुवारी पाच वाजता न्यायला माणूस येणार. बसवायचं म्हणालात तर दुरुस्तीवालीला बोलावते, बसवून घ्या, आणि शुक्रवारी डॉक्टरकडे माझ्या सहीशिवाय एकटे जा. परत करायचं म्हणालात तर मी बरोबर येते, ही वही घेऊन, आणि डॉक्टर काय म्हणतील ते दोघं मिळून ऐकू. त्यानंतर खेळायचं का, किती खेळायचं, तेही डॉक्टरांनाच विचारू. डबा गार आहे, तो कुठे जात नाही.

गुरुवारी दुपारी चारच्या आत उत्तर पाहिजे. ह्याच पानावर, खाली जागा सोडलीय. 'बघू' असं लिहिलेलं चालणार नाही.